बाटलीवरचा क्लोन आधी वाचा

साताऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करत असताना माकडे पाहिली ती महाबळेश्वरला. पुढे संशोधन साहाय्यक झाल्यावर रीसस माकडाच्या रक्ताचे आणि ऊतींचे नमुने हाती आले, तेव्हा पहिल्या प्रयोगात टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसल्याच नाहीत. मी माणसाच्या रक्तासाठी नेहमी वापरला जाणारा प्रतिपिंड (अँटिबॉडी) घेतला होता; तो टी पेशींवरच्या सीडी३ या प्रथिनाला चिकटतो आणि त्याचा क्लोन, म्हणजे तो ज्या पेशीवंशातून बनतो त्याचे बाटलीवर लिहिलेले नाव, होता यूसीएचटी१ आणि मी दोन आठवडे फ्लो सायटोमीटरमध्ये, म्हणजे प्रतिपिंडांना जोडलेल्या रंगांवरून पेशी एकेक करून ओळखणाऱ्या यंत्रात, दोष शोधत राहिले. क्लोन एसपी३४-२ वापरताच त्याच रक्तात टी पेशींचा समूह स्वच्छ वेगळा झाला.

बाजारातले बहुतेक प्रतिपिंड मानवी प्रथिनांविरुद्ध तयार केलेले असतात. रीससची प्रथिने त्यांच्याशी मिळतीजुळती असली, तरी प्रतिपिंड प्रथिनाच्या ज्या छोट्या भागाला चिकटतो तिथेच फरक असेल, तर तो चिकटत नाही. तो भाग कोणता, हे क्लोनवर ठरते, आणि म्हणून ‘सीडी३’ एवढीच नोंद वहीत करणे पुरेसे नाही.

प्रतिपिंड चिकटला तरी अर्थ बदलू शकतो. माणसात नैसर्गिक मारक पेशी (एनके पेशी) सीडी५६ या पृष्ठप्रथिनावरून ओळखतात. रीससमध्ये मात्र सीडी५६ बऱ्याच मोनोसाइटांवर, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरही, आढळतो, त्यामुळे तिथे सीडी३ नसलेल्या, पण सीडी८ आणि एनकेजी२ए ही प्रथिने असलेल्या पेशी शोधाव्या लागतात.

ऊतींचे काम याहून नाजूक आहे. फुप्फुस किंवा आतडे यांतून पेशी सुट्या करण्यासाठी वापरलेली विकरे (एन्झाइम) काही पृष्ठप्रथिने कापून टाकतात आणि आपल्याला वाटते की त्या पेशीवर ते प्रथिन नव्हतेच. मला सर्वांत उपयोगी पडलेली चाचणी साधी आहे: एकाच रक्ताचे दोन भाग करावेत, एकाला ऊतीइतकाच वेळ तेच विकर द्यावे, दुसरा तसाच ठेवावा आणि दोन्हींवर प्रतिपिंडांची पूर्ण यादी तपासावी. मृत पेशी कोणत्याही प्रतिपिंडाला धरून ठेवतात, म्हणून जिवंत-मृत ओळखणारा रंग प्रत्येक नळीत हवाच. प्रतिपिंडाचे प्रमाणही प्रत्येक ऊतीसाठी नव्याने ठरवावे.

सायटोमीटर हाताशी नसला, तरी सुरुवात साताऱ्यात बसून करता येते. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पाठबळावर चालणाऱ्या नॉनह्यूमन प्रायमेट रिएजंट रिसोर्स या उपक्रमाने कोणता क्लोन कोणत्या प्रजातीत चालतो याची माहिती खुली ठेवली आहे. ती उघडून रीससच्या प्लीहेसाठी आठ प्रतिपिंडांची यादी कागदावर मांडावी आणि प्रत्येकासमोर क्लोन लिहावा.