चवथीआधी काय, चवथीनंतर काय: गोव्यातून कॅट देणाऱ्यांसाठी तयारीची यादी

गोव्यातून कॅट, म्हणजे आयआयएम आणि इतर व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा, द्यायची असेल तर पुस्तकं विकत घेण्याआधी कालनिर्णय समोर घेऊन बसा. परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरच्या एखाद्या रविवारी असते. अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि सप्टेंबरात बंद होतात, नेमके चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आगेमागे. मग दिवाळी आणि तिच्या आधीची नरकासुराची रात्रीची जागरणं. परीक्षेच्या तोंडावर पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव, आणि २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचे नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना. यातलं काहीही टाळा असं मी म्हणणार नाही. घरचा गणपती सोडून कोणी अभ्यास करत नाही आणि करूही नये. पण एक मात्र पक्कं ठरवा: नवीन शिकायचं ते सगळं जून ते चवथ या पावसाळ्यात, आणि चवथीनंतर फक्त मॉक (सराव परीक्षा), चुका तपासणं आणि उजळणी. चवथीनंतर पहिल्यांदा लॉगरिदम उघडणाऱ्याची धावपळ होते, हे दरवर्षी दिसतं.

कागदपत्रं जुलैतच गोळा करा. पदवीला ५० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४५, आणि शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही बसता येतं. नॉन-क्रीमीलेअर ओबीसी असाल तर राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी, हे आधी ध्यानात घ्या. दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच हवा. आर्थिक दुर्बल घटकांचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो. चवथीच्या माटोळीच्या (गणपतीवरच्या फळापानांच्या छताच्या) बाजाराच्या आठवड्यात कचेरीत खेपा घालण्यापेक्षा हे आधी उरकलेलं बरं. नावाचं स्पेलिंगही तपासा. आपल्याकडे एकाच घरात आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, एक इंग्रजी वळणाचं आणि एक पोर्तुगीज काळातलं. आधार, मार्कशीट आणि अर्ज यांवर एकच नाव हवं. शहरांची पसंती क्रमाने भरायची असते. आपलं गाव जवळ पडेल ते पहिलं, आणि पुढच्या पसंतीला बेळगाव, हुबळी, कोल्हापूर अशी गाडीने गाठता येतील अशी शहरं टाका. तिसरी-चौथी पसंती नुसती भरायची म्हणून भरू नका, तिथेही नंबर लागू शकतो.

आता पेपर. दोन तास, तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. आधी इंग्रजी वाचन, मग डेटा आणि तर्क, शेवटी गणित. हा क्रम बदलता येत नाही आणि एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्याला मिळत नाही. २०२४ मध्ये प्रश्न ६८ होते: २४, २२ आणि २२. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय निवडायचा प्रश्न चुकला तर १ वजा, आणि उत्तर टाईप करायच्या प्रश्नांना वजाबाकी नाही. याचा हिशेब एकदा स्वतः कागदावर करून बघा. चार पर्यायांत डोळे मिटून टिचकी मारली तर चारांत एकदा ३ मिळतात आणि तीनदा १ जातो, म्हणजे सरासरी शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर मात्र अंदाज फायद्याचा. टाईप करायचा प्रश्न तर अर्धवट सुटला असला तरी कोरा सोडायचा नाही.

सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते वाचनाबद्दल. सत्तरी, डिचोली, पेडण्यातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत असतात आणि पुढे इंग्रजीत जातात. पहिल्या भागाचं नाव काढलं की त्यांना वाटतं, हे आपलं काम नव्हे, पणजी-मडगावच्या कॉन्व्हेंटवाल्यांचं. हे मला अजिबात मान्य नाही. इथे व्याकरणाची परीक्षा नसते, उच्चारांची तर नाहीच. लेखक काय म्हणतोय, कशाच्या आधारावर म्हणतोय आणि कुठपर्यंत म्हणतोय, एवढंच विचारतात. २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवरचे असतात, आणि उतारे इतिहास, मानववंशशास्त्र, अर्थकारण, पर्यावरण असे कुठलेही.

यावर एक रीत फार उपयोगी पडते. रोज एक इंग्रजी लेख घ्या, आवडीच्या विषयाचा नको. परिच्छेद वाचून झाला की वरून झाका आणि त्यातलं म्हणणं एका मराठी वाक्यात वहीत लिहा. समजा परिच्छेद खाणींवर आहे. ‘खाणींबद्दल लिहिलंय’ हे वाक्य फुकट. ‘खाणी बंद झाल्याने नदी सुधारली असं लोक म्हणतात, पण लेखकाला तो पुरावा अपुरा वाटतो’ असं लिहिता आलं तर परिच्छेद कळला. चुकीचे पर्याय बहुतेक वेळा याच ‘पण’शी खेळतात. लेखकाने शंका घेतलेली असते, पर्याय ती ठाम करून टाकतो. घरात वाचनाला जागा नसेल तर पणजीत पाटोवर, कदंब बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. पावसात घरची वीज गेली की तिथल्या शांत टेबलाची किंमत कळते.

दुसऱ्या भागात, म्हणजे डेटा आणि तर्कात, २०२४ मध्ये प्रश्नांचे पाच संच होते. पहिली चार-पाच मिनिटं काहीही न सोडवता सगळे संच वाचायचे आणि कुठले सोडायचे ते ठरवायचं. हे धाडस मॉकमध्येच अंगवळणी पडतं. शेकडो संच सोडवूनही मुलं इथे अडकतात, कारण हातात घेतलेला संच टाकवत नाही. दहा मिनिटांत तक्ता उभा राहिला नाही तर पुढे जा.

गणिताबद्दल थोडक्यात: टक्केवारी, गुणोत्तर, वेळ-काम, वेळ-वेग आणि बीजगणित आधी पक्कं करा. भूमिती आणि संख्यांच्या गुणधर्मांचे नियम त्यानंतर. दहावीचं पुस्तक उघडायला लाजू नका.

मॉक देताना लॅपटॉपचा टचपॅड वापरू नका, माउस जोडा. खऱ्या परीक्षेत कीबोर्डला हात लावायचा नसतो, आकडेसुद्धा पडद्यावरच्या बटणांनी भरायचे असतात, आणि कॅल्क्युलेटरही पडद्यावरचाच. मॉक संपल्यावर वहीत तीन रकाने करा: येतच नव्हतं, येत होतं पण वेळ गेला, येत होतं पण चुकलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातले गुण आधी वाढवा, ते लवकर हाती लागतात. पर्सेंटाईलकडे बघून रडण्यात रात्र घालवू नका, पण या तपासणीला मॉकपेक्षा जास्त वेळ द्या. प्रवेशपत्रावर सत्र कळलं की उरलेले मॉक त्याच वेळेला द्या. सकाळचं सत्र साडेआठला सुरू होतं, आणि जागरणाची सवय लागलेल्या डोक्याला ती वेळ फार जड जाते.

परीक्षेचा दिवस रविवार. खाजगी बसगाड्या कमी, आणि वाळपई किंवा केपेहून सकाळच्या सत्राला बसने वेळेत पोचणं भरवशाचं नाही. दुचाकी किंवा नातेवाईकांचं घर आधी ठरवून ठेवा. केंद्र एकदा आदल्या दिवशी बघून या. रायबंदरच्या रस्त्याने जाणार असाल तर जुन्या गोव्याकडे पायी निघालेल्या भाविकांची गर्दी हिशेबात धरा. बेळगाव आलं असेल तर चोर्ला घाटातून शनिवारीच जा. प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र आणि अर्जावरच्याच फोटोची आणखी एक प्रत एका पाकिटात. घड्याळ, दागिने, मोबाईल घरीच. कच्च्या कामाचा कागद आणि पेन तिथे देतात.

झॅटचा, म्हणजे एक्सएलआरआय आणि इतर व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा, अर्ज कॅटच्या आधीच भरून ठेवा. ती परीक्षा जानेवारीच्या पहिल्या रविवारच्या सुमारास येते आणि तिच्यात निर्णयक्षमतेचा वेगळा भाग असतो, त्यासाठी डिसेंबर मोकळा ठेवावा लागतो. १९९३ मध्ये रायबंदरला सुरू झालेलं आणि आता साखळीत असलेलं गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट या दोन्ही परीक्षांचे गुण घेतं, पण त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो. कॅटला नाव घातलं म्हणजे तिथे आपोआप नाव गेलं असं समजून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. हव्या असलेल्या प्रत्येक संस्थेची शेवटची तारीख आजच त्या कालनिर्णयवर लिहून ठेवा.