लाकडी जिना फरशीशी जुळवताना या चुका टाळा

रो-हाऊस असो की डुप्लेक्स, सागवानी जिना आणि खाली लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट ही जोडी हल्ली सर्रास दिसते. ती बिघडते बहुतेक वेळा एकाच हट्टापायी: दोन्हींचा रंग हुबेहूब एकच हवा. नुकतंच रंधा मारलेलं सागवान हिरवट-पिवळट आणि डागाळलेलं असतं. उजेड लागत गेला की ते सोनेरी-तपकिरी होतं, लॅमिनेट मात्र आहे तसंच राहतं. त्यात जरासा चुकलेला रंग उघड फरकापेक्षा जास्त खुपतो. म्हणून जिना दोन-तीन शेड गडद ठेवा, झाक तेवढी जुळवा. जमीन पिवळसर असेल तर राखाडी झाकेचा जिना नको.

शेड कॅटलॉगवरून ठरवू नका. जिन्याच्याच लाकडाचा उरलेला तुकडा घ्या, पॉलिशवाल्याला त्यावर स्टेन (लाकडाला रंग देणारा द्रव), सीलर (छिद्रं बुजवणारा थर), टॉपकोट (सगळ्यात वरचा थर) सगळं मारायला सांगा आणि तो पहिल्या पायरीशी जमिनीवर आडवा ठेवा. सकाळी खिडकीच्या उजेडात बघा, रात्री दिवे लावून बघा. 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली आणि 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली तोच तुकडा वेगळा वाटतो. स्टेन न लावता नुसतं पारदर्शक पॉलिश करायचं असेल, तर घासलेल्या लाकडावर थिनरचा बोळा फिरवा. ओलं असेपर्यंत दिसतो, साधारण तसाच रंग शेवटी येतो. चमकही बघा. मॅट जमिनीवर ग्लॉसी जिना परका वाटतो.

रंगापेक्षा गंभीर चूक उंचीची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. जिना आधी होतो, फ्लोअरिंग नंतर. 8 मिमी लॅमिनेट आणि त्याखालचा 2-3 मिमी फोम, म्हणजे पहिली पायरी सेंटिमीटरभर बुटकी झाली. वरच्या मजल्यावरही तेच केलं तर शेवटची पायरी तेवढ्यानेच जास्त उंच. पाय सवयीने उचलला जातो आणि नेमका तिथे अडखळतो. घरात वयस्कर माणसं असतील तर हे चालवून घेऊच नका. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरातल्या जिन्याची पायरी 190 मिमीपेक्षा उंच आणि 250 मिमीपेक्षा अरुंद नसावी, पण सगळ्या पायऱ्या सारख्या असणंही तितकंच महत्त्वाचं. मिस्त्रीला आखणी तयार जमिनीच्या पातळीवरूनच करायला लावा.

लॅमिनेट जिन्याला घट्ट भिडवूही नका. 8-10 मिमी फट सोडून वर पट्टी मारा, नाहीतर पावसाळ्यात ते फुगून उचलतं. जिना आणि जमीन एकाच रंगाची असेल तर पायऱ्यांच्या कडेला गडद पट्टी हवीच, नाहीतर उतरताना शेवटची पायरी दिसत नाही.

काम होऊन गेलं असेल तर बदल जिन्यात करा, कारण लॅमिनेट घासून रंगवता येत नाही. भरीव सागवानाचं पॉलिश उतरवून गडद स्टेन देता येतो. प्लायवर व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पापुद्रा, असेल तर मशीनने घासू नका, पातळ थर लगेच उडतो. तिथे पायऱ्यांच्या उभ्या फळ्या पांढऱ्या रंगवून घ्या, लाकूड फक्त वरच्या फळ्यांवर राहू द्या.