शिक्षिका ते राष्ट्रपती: आठ मिनिटांचं भाषण कसं बसवायचं

डिसेंबर संपत आला की मला फोन सुरू होतात. "बाई, पोरीला भाषण लिहून द्या की." जावळी तालुक्यात एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं. आता मेढ्यात निवृत्त होऊन बसलेय, पण वक्तृत्वाचं खातं काही सुटलेलं नाही. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्यांचं नायगाव आमच्याच सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं, त्यामुळे त्या दिवशी सावित्रीबाईंवर भाषणं होणारच. पंधरा होतात आणि सोळावं कुणी ऐकत नाही. म्हणून मी दरवर्षी एका मुलीला द्रौपदी मुर्मूंवर बोलायला लावते. त्याही बाईच होत्या, शाळेत शिकवायच्या.

लिहून मात्र देत नाही. कसं बसवायचं ते सांगते.

आधी माझी फजिती ऐका. पहिल्या वर्षी मीच भाषण लिहून दिलं होतं. "एक सामान्य शिक्षिका ते देशाचं सर्वोच्च पद" वगैरे. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर पाचवीतलं एक पोरगं मला म्हणालं, "बाई, तुमी पण बाईच हाय की. मग तुमी का न्हाई झाला राष्ट्रपती?" सगळे हसले, मीही हसले. पण त्याचं उत्तर माझ्या भाषणात कुठेच नव्हतं. फळ्यापासून थेट राष्ट्रपती भवनात उडी मारली होती मी. मधली पंचवीस वर्षं एका वाक्यात गुंडाळलेली.

तेव्हा पहिलं काम म्हणजे कोऱ्या कागदावर सालं एकाखाली एक लिहून काढायची. 1958, ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यात उपरबेडा गावी संथाल कुटुंबात जन्म. 1979 ला भुवनेश्वरच्या रमादेवी महिला महाविद्यालयातून पदवी. गावातून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. 1979 ते 83 पाटबंधारे खात्यात कनिष्ठ सहायक, म्हणजे आपण कारकून म्हणतो ते. 1994 ते 97 रायरंगपूरच्या श्री अरविंद शाळेत मानद शिक्षिका. 1997 नगरसेवक. 2000 आमदार आणि राज्यमंत्री, 2004 पुन्हा आमदार. 2009 लोकसभेला पराभव. 2014 विधानसभेला पराभव. 2015 झारखंडच्या राज्यपाल. 25 जुलै 2022 राष्ट्रपती.

ही यादी पाठ करून घेऊ नका. आमच्या शाळेला व्हरांड्यात चढायला सात पायऱ्या आहेत. मी मुलीला खाली मैदानात उभं करते आणि म्हणते, एकेक पद बोल आणि एकेक पायरी चढ. कारकून, एक पायरी. शिक्षिका, दुसरी. नगरसेवक, आमदार, मंत्री. मग 2009 आलं की एक पायरी खाली उतरायची. 2014 आलं की अजून एक. मुलगी तिथे अडखळते, कारण भाषणात खाली उतरायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. दोनदा केलं की पायांनाच पाठ होतं, मग तोंडाला वेगळं शिकवावं लागत नाही. स्टेजवर पायऱ्या नसल्या तरी तिचा आवाज त्या त्या जागी आपोआप खाली येतो. हावभाव शिकवण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत आहे. हात हलवून बोलणारी मुलं मला आवडत नाहीत.

आता आठ मिनिटांतली तीन मिनिटं कशाला द्यायची? नगरसेवकाला. राष्ट्रपती काय करतात हे गावात फारसं कुणाला सांगता येत नाही, पण नगरसेवक काय करतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गटार तुंबलं, नळ आला नाही, खांबावरचा दिवा गेला की ज्याच्या दारात जायचं तो नगरसेवक. आमच्या मेढ्याला नगरपंचायत आहे, 17 नगरसेवक. रायरंगपूरलाही नगरपंचायतच होती. मुलीला भाषणाआधी आपल्या वॉर्डाच्या नगरसेविकेकडे पाठवा. एवढंच विचारू द्या, की काल दिवसभरात तुमच्याकडे कोण कोण आलं होतं? गेल्या खेपेला एक मुलगी वहीत तीन नोंदी घेऊन आली: पाइप फुटला, रेशनकार्डावर सुनेचं नाव नाही, कुत्री फार झालीत. त्या तीन नोंदी तिने भाषणात जशाच्या तशा वाचल्या आणि म्हणाली, "आपल्या राष्ट्रपतींनी इथून सुरुवात केली." पुढच्या ओळीतल्या बायका सावरून बसल्या.

दुसरी जागा मी स्वतः चुकवली होती, ती एका अंगणवाडी सेविकेने दाखवून दिली. 1983 ते 1994. माझ्या कागदावर ती अकरा वर्षं कोरी होती. ती म्हणाली, "बाई, मधी काय केलं त्यांनी?" संसार केला, मुलं वाढवली, नोकरी सोडून घरी होत्या. यात भाषण करण्यासारखं काय, असं मला वाटायचं. पण समोर बसलेल्या बायकांपैकी निम्म्या तरी अशाच, शिक्षण झालेल्या, कधीतरी नोकरी सोडलेल्या. ती अकरा वर्षं गाळली की त्यांना वाटतं ही गोष्ट आपली नाही. एकच वाक्य घाला, पण घालाच: शाळेत आल्या तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या, आणि नगरसेवक झाल्या तेव्हा एकोणचाळीस.

दुःखाचं जपून. 2009 ते 2014 या पाच-सहा वर्षांत त्यांचे दोन तरुण मुलगे आणि पती गेले. त्याच काळात दोन निवडणुका हरल्या. काही शिक्षक इथे मुलीला रडवतात, आवाज कापरा करायला लावतात. नको. मी सांगते, वाक्य लहान कर आणि तीन आकडे मोजेपर्यंत थांब. बाकी ऐकणारे बघून घेतात.

राज्यपालपदाचं काय सांगायचं हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण राज्यपाल म्हणजे फीत कापणारे एवढंच मुलांना माहीत. इथे एक गोष्ट आहे ती सोडू नका. झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीला संरक्षण देणारे दोन जुने कायदे आहेत, छोटानागपूर आणि संथाल परगणा भागातले. 2016 मध्ये तिथल्या सरकारने त्यांत बदल करणारी विधेयकं विधानसभेत मंजूर केली. आदिवासींनी मोठा विरोध केला. 2017 मध्ये राज्यपाल मुर्मूंनी ती सही न करता परत पाठवली. सरकार भाजपचं होतं, आणि त्याही भाजपमधूनच आलेल्या. मुलांना समजावताना मी म्हणते, बाईंनी वही तपासली आणि दुरुस्तीला परत दिली. मोठ्यांना समजवावं लागत नाही. कण्हेर, उरमोडी, कोयना, या खोऱ्यांत धरणाखाली जमीन गेलेलं घर शोधायला लांब जावं लागत नाही. "जमीन" हा शब्द आला की मागे उभी असलेली माणसंही गप्प होतात.

पक्षाचं नाव एवढंच, माहितीपुरतं. समोर सगळ्या पक्षांचे लोक बसलेले असतात आणि त्यांच्यातले दोघे जण बक्षिसाचे पैसे देणारे असतात.

मुलगी सातवी-आठवीची असेल तर मी एक गणित फळ्यावर करून घेते. राष्ट्रपतींना आमदार-खासदार मत देतात, पण आमदाराच्या मताची किंमत प्रत्येक राज्यात वेगळी. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 5,04,12,235. त्याला 288 आमदारांनी भागा, मग 1000 ने भागा. 175 येतात. आपल्या आमदाराचं एक मत म्हणजे 175, ओडिशाच्या आमदाराचं 149. 2022 ला मुर्मूंना 6,76,803 मूल्याची मतं पडली, यशवंत सिन्हांना 3,80,177. भाषणात हे सगळं नको, कान किटतात. पण मुलीला येत असलं पाहिजे, कारण परीक्षक मुद्दाम विचारतात.

उच्चार: मुर्मू, मुरमू नाही. रायरंगपूरमधला "रंग" स्पष्ट. नकाशा एकदा दाखवा, ओडिशाच्या अगदी वरच्या टोकाला, झारखंडला लागून. आणि "द्रौपदी" हे नाव शाळेतल्या शिक्षकांनी ठेवलेलं, घरचं संथाली नाव पुती, असं त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलंय. हे मी शेवटून दुसऱ्या मिनिटाला ठेवते. हजेरीत मुलांची नावं बदलून लिहिणारे गुरुजी आमच्याकडेही होते, म्हातारी माणसं लगेच हसतात.

सुरुवात "सन्माननीय व्यासपीठ"ने करू नका, त्यात पाऊण मिनिट जातं. सरळ 1997 पासून करा: रायरंगपूरमध्ये एक बाई शाळेत शिकवत होत्या आणि त्या वर्षी त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. जन्म, गाव, कॉलेज नंतर येऊ दे.

भाषण झाल्यावर प्रश्न येतात, त्यांची तयारी आदल्या दिवशी करा. "राष्ट्रपती बाई असतील तर त्यांना म्हणायचं काय?" राष्ट्रपतीच. "पहिल्या महिला राष्ट्रपती त्याच ना?" नाही, 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील, आपल्या महाराष्ट्राच्या. मुर्मू दुसऱ्या. पहिल्या आदिवासी, आणि स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या पहिल्या राष्ट्रपती.

आणि त्या पाचवीतल्या पोराचा प्रश्न अजून येतो, दरवर्षी वेगळ्या पोराच्या तोंडून. गेल्या वर्षी मी उत्तर द्यायच्या आत भाषण केलेली मुलगीच माइकवर म्हणाली, "आमच्या बाई नगरसेवकाला उभ्याच राहिल्या नाहीत." जिल्हा परिषदेच्या नोकरीत असताना निवडणुकीला उभं राहता येत नाही, राजीनामा द्यावा लागतो, हे तिला माहीत नव्हतं. मीही तेव्हा सांगितलं नाही. निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली होती.