अंगणात पडलेल्या शिसमाची गिटार करायची तर

माझं पहिलं खोड वाया गेलं ते निव्वळ आळसानं. मे महिन्यातल्या वादळात शेजारचं शिसम पडलं, मी ओंडके आणून फाटकापाशी टाकले आणि म्हटलं, रविवारी बघू. पारा ४५ वर. चार दिवसांत टोकांना बोट जाईल अशा भेगा!

म्हणून पहिलं काम करवतीचं नाही, मेणाचं. लाकडातलं पाणी टोकांतून झपाट्यानं जातं, बाजूंनी सावकाश. टोक आधी आकसतं आणि फाटतं. त्याच दिवशी वितळवलेल्या मेणाचे दोन हात द्या. मेण नसेल तर घरातला उरलेला ऑइल पेंट जाड थापा. (उभं झाड तोडायचं असेल तर १९७५च्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी आधी.)

ओंडका साडेतीन फुटांचा ठेवा. गिटारच्या कडेच्या पट्टीला ३२ इंच लागतात, बाकीचे टोकांत जातात. घेर सहा फुटांच्या आत असेल तर दोन तुकड्यांच्या पाठीचा नाद सोडा, तीन तुकड्यांची करा. सहा फूट घेर म्हणजे व्यास सुमारे २३ इंच. मधला गाभा, साल आणि पांढरं लाकूड वजा जाता त्रिज्येत जेमतेम साडेआठ उरतात, आणि अर्ध्या पाठीलाच आठ लागतात.

नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनवर न्याल तर बँड सॉ (पातळ पट्ट्याची करवत) आहे का ते विचारा. गोल आऱ्यात फळीइतकाच भुसा पडतो. मिस्त्रीच्या हाताला दारा-खिडक्यांची सवय, तो ओंडका एकाच बाजूनं सपासप कापत सुटेल. त्याला थांबवा. आधी गाभ्यातून दोन, मग चार फाका, मग प्रत्येक फाकेतून सायकलच्या आऱ्यांच्या दिशेनं ६ मिमीचे काप. टोकाकडून पाहिलं तर वर्षांच्या रेषा फळीत उभ्या दिसल्या पाहिजेत. कापांवर लगेच खडूनं ओळीनं आकडे टाका. शेजारचे दोन पुस्तकासारखे उघडले तरच पाठ जुळते.

अन् हो, अंगणातल्या झाडात कपड्यांच्या दोरीचे खिळे असतातच. एकदा मी तुटलेल्या पात्याचे पैसे भरलेत, आता मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय ओंडका गाडीत चढत नाही.

वाळवणं पत्र्याच्या शेडमध्ये नको, आणि कूलरच्या खोलीत तर मुळीच नको. तिथे लाकूड वाळायचं सोडून पाणीच पितं. उत्तरेकडची खोली बरी. कापांमध्ये पाऊण इंची पट्ट्या, सगळ्या एकाखाली एक, आणि वर फरशांचं वजन. एका कापावर पेन्सिलीनं वजन लिहा, दर पंधरवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. पावसाळ्यात आकडा वर चढेल, घाबरू नका.

वर्ष गेलं, वजन थांबलं, तरी पाठीला आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवायला दिवाळीनंतरचा मुहूर्त धरा, खोलीतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास असताना. श्रावणात चिकटवलेली माझी पाठ पुढच्या मे महिन्यात मधोमध उकलली होती.