कपाळावरच्या आठ्या: आधी प्रकार ओळखा, मग उपचार निवडा

कपाळावरच्या आठ्यांवर कोणताही उपाय करण्यापूर्वी त्या कोणत्या प्रकारच्या आहेत हे पाहून घ्यावे. दिवसाच्या उजेडात आरशासमोर चेहरा पूर्ण सैल सोडावा आणि मग भुवया वर उचलाव्यात. भुवया खाली येताच ज्या रेषा नाहीशा होतात, त्या केवळ स्नायूंच्या हालचालीमुळे उमटलेल्या असतात. चेहरा शांत असतानाही ज्या दिसत राहतात, त्या त्वचेत मुरलेल्या असतात. पहिल्या प्रकारावर क्रीमचा फारसा परिणाम होत नाही, तर दुसऱ्या प्रकाराला स्नायू सैल करणारे नुसते इंजेक्शन बहुधा पुरत नाही.

आडव्या आठ्या पडतात त्या भुवया उचलणाऱ्या फ्रंटॅलिस या स्नायूमुळे. हा स्नायू आकसला की त्यावरची त्वचा दुमडते, आणि वर्षानुवर्षे त्याच जागी दुमडत राहिल्याने तेथे कायमची रेष तयार होते. भुवयांमधल्या उभ्या रेषांचे स्नायू वेगळे असतात. चष्म्याची गरज असूनही तो न वापरणारी माणसे दिवसभर डोळे बारीक करून पाहतात आणि त्या उभ्या रेषा खोल होत जातात. अशा वेळी डोळे तपासून घेणे हाच खरा पहिला उपचार ठरतो.

वाढत्या वयात त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन आणि लवचिकता देणारे इलॅस्टिन कमी होते, हे अटळ आहे. मात्र ऊन आणि धूम्रपान ही झीज कितीतरी वेगाने घडवून आणतात. उन्हातील यूव्हीए हे अतिनील किरण त्वचेच्या खोल थरापर्यंत पोहोचतात आणि साध्या काचेतूनही आत येतात, त्यामुळे खिडकीजवळ बसून काम करणाऱ्यांनीही सनस्क्रीन लावले पाहिजे. ते एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा अधिक आणि यूव्हीए, यूव्हीबी या दोन्ही अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे असावे. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे घ्यावे, केसांच्या कडेपर्यंत पसरावे आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. हे एक काम नेमाने होत नसेल, तर महागड्या सीरमवर खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मुरलेल्या बारीक रेषांसाठी अ जीवनसत्त्वाच्या गटातले रेटिनॉल किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेले ट्रेटिनॉइन उपयोगी पडते. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढेच घ्यावे. सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच लावावे आणि त्यावर मॉइश्चरायझर लावावे. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडणे किंवा सोलवटणे सामान्य आहे, पण आग होऊन ती लाल झाली तर थांबावे. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि नेमक्या याच काळात बहुतेकजण कंटाळून सोडून देतात. गर्भवती स्त्रियांनी व गर्भधारणेची तयारी करणाऱ्यांनी ही औषधे टाळावीत.

हालचालीच्या आठ्यांवर बोट्युलिनम टॉक्सिनचे (बोटॉक्स या नावाने परिचित) इंजेक्शन प्रभावी ठरते. ते स्नायूला तात्पुरते सैल करते. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी: भुवया उचलून धरणारा स्नायू फ्रंटॅलिसच असल्याने मात्रा जास्त झाली किंवा जागा चुकली, तर भुवया खाली ओघळतात. ज्यांच्या पापण्या मुळातच जड आहेत, त्यांच्याबाबत हा धोका अधिक असतो. म्हणून हे काम प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडूनच करून घ्यावे. भुवयांमधल्या भागात फिलर (रेषा भरून काढणारे जेलसारखे इंजेक्शन) भरून घेताना तर विशेष सावध राहावे, कारण ते चुकून रक्तवाहिनीत गेल्यास क्वचित दृष्टीही जाऊ शकते.

खोल रेषांसाठी लेझर, केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) आणि मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) हे पर्याय आहेत. सावळ्या त्वचेवर त्यानंतर काळे डाग पडण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे उपचार ठरवतानाच डॉक्टरांशी याविषयी स्पष्ट बोलावे. लिंबाचा रस थेट कपाळावर चोळू नये. त्याने आठ्या जात नाहीत, उलट त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात.