सेलर टूल्सच्या कामात पडताना

ऑनलाइन विक्रेत्यांना लागणारे प्रोग्रॅम, म्हणजे सेलर टूल्स, मी लिहिते. सोलापुरी चादरी ॲमेझॉनवर विकणारे एक काका माझे पहिले ग्राहक. त्यांची मागणी साधी होती. "तिकडे चादर विकली गेली की माझ्या बिलिंगमधला स्टॉक आपोआप कमी व्हायला हवा. एवढंच." त्या 'एवढंच'पायी माझे चार महिने गेले.

ॲमेझॉनने २००२ साली आपला कॅटलॉग बाहेरच्या प्रोग्रॅमरांना खुला केला. मग लोकांनी त्यावर काय काय उभं केलं! मॅकवरच्या डिलिशस लायब्ररीत पुस्तकाचा बारकोड वेबकॅमसमोर धरला की मुखपृष्ठ आपल्या फळीवर यायचं. कॅमलकॅमलकॅमल वस्तूच्या किमतीचे चढउतार दाखवतं. हे वाचून मी उत्साहाने कॅटलॉगवाल्या एपीआयला (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागायची सोय) भिडले आणि एक आठवडा वाया घालवला. ती वाट अफिलिएटवाल्यांची, म्हणजे ॲमेझॉनच्या वस्तूंच्या लिंक देऊन कमिशन मिळवणाऱ्यांची. तिला वस्तू आणि किंमत कळते, काकांच्या ऑर्डरी नाही. विक्रेत्याच्या कामासाठी एसपी-एपीआय (सेलिंग पार्टनर एपीआय) लागते.

तिच्याआधी त्याच कामाची एमडब्ल्यूएस (मार्केटप्लेस वेब सर्व्हिस) होती. २००९ साली आलेली ती सेवा ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाली. नेटवरचे कितीतरी धडे मात्र अजून तिच्यावरच आहेत, तेव्हा धडा उघडलात की आधी तारीख बघा. आणखी एक गंमत म्हणजे भारतातल्या विक्रेत्यांचे कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने केलेल्या विचारणा, युरोपच्या एंडपॉइंटवर (विचारणा जिथे पाठवायची त्या पत्त्यावर) जातात. चादर सोलापूरची, ती जाणार नागपूरला, आणि तिची चौकशी युरोपच्या पत्त्यावर! हे माहीत नसल्यामुळे माझी एक अख्खी संध्याकाळ 'अ‍ॅक्सेस डिनाइड' बघण्यात गेली.

खरा घाम फोडला तो कॉलच्या मर्यादेने. माझा प्रोग्रॅम दर पाच सेकंदांनी नव्या ऑर्डरी विचारायचा. चाचणीत पहिले कॉल धडाधड गेले, मी खूश. मग खऱ्या वापरात ४२९, पुन्हा ४२९, म्हणजे 'फार वेळा विचारलंत, थांबा' असं सांगणारा एरर. मी वापरत होते त्या ऑर्डर-यादीच्या कॉलला सुरुवातीला २० ची मुभा होती आणि पुढे साधारण मिनिटाला एक. टाकी एकदम रिकामी करायची आणि मग थेंब थेंब भरायची वाट बघायची, आमच्या गल्लीतल्या नळासारखं. चाचणी २० कॉलच्या आत आटोपत असल्याने चूक दिसलीच नव्हती. शेवटी दर दोन मिनिटांनी 'मागच्या वेळेनंतर काय बदललं' एवढंच विचारायला लावलं, आणि ४२९ आला की प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबायला. चादरींच्या धंद्याला तेवढा वेग पुरतो.

दुसरी चूक काकांच्या सीएंनी पकडली. महिन्याची विक्री त्यांच्या हिशोबाशी जुळेना, फरक थोडाच, पण दर महिन्याला. एपीआयकडून येणारी वेळ यूटीसीमध्ये (जगभराच्या प्रमाणवेळेत) असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ तारखेच्या पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डरी मी आदल्या महिन्यात टाकत होते. रात्री दोन वाजता चादरी कोण घेतं, असं मला वाटायचं. पुष्कळ लोक घेतात.

दिवाळीच्या तोंडावर काका म्हणाले, "सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर तुझ्याकडे आहेतच, शुभेच्छांचा मेसेज टाकून दे, सोबत नव्या डिझाइनचा फोटो." ते करता येत नाही. ग्राहकाचं नाव-पत्ता मिळायला वेगळी परवानगी लागते, ती माहिती माल पोचवण्यासारख्या कामापुरतीच वापरायची, जाहिरातीला नाही, आणि माल पोचल्यावर ३० दिवसांहून जास्त ठेवायची नाही. काका नाराज झाले. "गिऱ्हाईक माझं आहे की नाही?" असं त्यांनी विचारलं, आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. नवख्यांनी हे नियम कोड लिहिण्याआधी वाचावेत. मी उलट क्रमाने वाचले, त्यामुळे पत्ते साठवणारा अख्खा टेबल नंतर उडवावा लागला.

सुरुवात एकाच विक्रेत्याच्या खाजगी ॲपपासून करा. त्याच्याच खात्यातून ते अधिकृत करता येतं. ॲक्सेस टोकन (प्रत्येक कॉलसोबत दाखवायचा तात्पुरता पास) तासाभरात संपतं, ते नवं घेण्याची सोय पहिल्याच दिवशी करा. ज्याच्या जोरावर ते नवं मिळतं ते रिफ्रेश टोकन कोडमध्ये लिहून गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) चढवू नका.

आणि पैशांचं. मी काकांकडून एकरकमी पैसे घेतले होते. पुढे एपीआयची एक आवृत्ती बदलली, तेव्हा दोन शनिवार-रविवार फुकट राबले. आता दर वर्षाच्या देखभालीचे पैसे वेगळे सांगते. काकांनी घासाघीस करून त्यातले थोडे कमी करून घेतले, वर एक चादर दिली.