पॉडकास्ट रेकॉर्डिंग: आधी गेन, मग कूलर
सामायिक स्टुडिओत आधीच्या माणसाची सेटिंग तशीच असते, म्हणून बसताच इंटरफेसचे (माइक संगणकाला जोडणारा डबा) सगळे गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारी बटणं, शून्यावर आणा. ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) कंडेन्सर माइकलाच द्या, त्याला चालायला वीज लागते; साध्या डायनॅमिक माइकला ती लागत नाही. माइक तोंडापासून चार-पाच बोटं दूर, किंचित तिरपा; म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसत नाहीत. गेन पाहुण्याला हसवून लावा, मीटरवर सर्वांत मोठ्या आवाजाचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास. नुसत्या ‘नमस्कार’वर लावलेला गेन असेल, तर आवाज पहिल्या हशातच फाटतो.

नागपूरच्या मे महिन्यात खरा त्रास कूलरचा. खोली आधीच गार करा, रेकॉर्डिंगला कूलर-एसी दोन्ही बंद, दर २० मिनिटांनी विश्रांती. मध्येच एसी चालू झाला, तर मागची घरघर बदलते आणि एडिटिंगमध्ये तुकड्यांचा सांधा उघडा पडतो.